सोडलेली तांबडी

कवळीवाल्याच्या खोलीत माणसं फारशी येत नसत, तोंडं मात्र सारखी येत. दातांचे दवाखाने लोकांच्या जबड्यांचे साचे खोक्यात घालून पाठवायचे. तो त्यांत प्लॅस्टर ओतायचा, सुकलं की फळीवर मांडायचा आणि मग त्या पांढऱ्या, मुक्या जबड्यांवर मेणाची हिरडी चढवून एकेक दात बसवत बसायचा. ज्यांच्यासाठी ही खटपट, ती माणसं त्याला कधी दिसत नसत. रस्त्यात एखादा म्हातारा तोंड भरून हसला की हा क्षणभर थबकायचा. आपलंच काम असेल का? पण विचारणार कसं? भररस्त्यात 'जरा आ करा' म्हणायला तो काही डॉक्टर नव्हता.

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. याचं पोट दातांवरच होतं आणि बऱ्यापैकी भरत होतं. भरत नव्हती ती खोली. पुढच्या बाजूला कामाचं टेबल, गॅसची बारीक शेगडी, कानशी, चिमटे, पॉलिशचं चाक. मागे खाट आणि ओटा. खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि त्या भिंतीवरून खाली येणारा पाण्याचा पाइप. लग्न एकदा ठरत आलं होतं, मग मोडलं. का मोडलं ते त्याला कुणी धड सांगितलं नाही आणि त्यानंही खोदून विचारलं नाही. तसा तो खोदून विचारणारा माणूसच नव्हता. पुढं वय गेलं, आणि एक ताट, एक पेला धुऊन पालथा घालायची सवय झाली.

पण त्याच्याकडे रविवार होता.

रविवारी पहाटे तो आणि दादा नदीवर जायचे. दादा त्याच्याहून बराच मोठा, बसचा ड्रायव्हर. आठवडाभर हॉर्न, गर्दी आणि सुट्ट्या पैशांवरून चाललेली भांडणं ऐकून त्याचे कान किटलेले असायचे, त्यामुळे नदीवर त्याला बोलणं नको असे. याला तर बोलायची सवयच नव्हती. दोघं पुलापासून बंधाऱ्यापर्यंतच्या काठावर, एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर बसायचे, गळ टाकायचे आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बुचाकडे बघत राहायचे. एखाद्यानं नुसती मान हलवली तरी दुसऱ्याला कळायचं, की वारा फिरलाय, किंवा आता चहा काढ.

त्या नदीत एक मासा होता. अंगानं चंदेरी, पण परांना तांबूस झाक, म्हणून गळवाले त्याला तांबडी म्हणत. तो तळ्यात वाढत नाही, पिंजऱ्यात पोसता येत नाही. वाहतं पाणी आणि स्वच्छ खडी असेल तिथंच अंडी घालतो. आणि गळाला लागला की असा ओढतो, की माणूस बसल्या जागेवरून उठतोच.

दुपारी दोघं दादाकडे जायचे. जिन्यातच तेल तापल्याचा वास यायचा, कारण वहिनी आधीपासून तवा ठेवून वाट बघत असायची. कवळीवाला मासा साफ करायचा. त्याचा हात इतका हलका, की एक काटा राहायचा नाही. मग तिघं, आणि लग्न होऊन जाईपर्यंत पुतणी, अशी ताटाभोवती बसायची. पुतणी विचारायची, काका, आज कुणाचे दात केले? तो म्हणायचा, एका वाघाचे. बिचारा आता नुसतं सूप पितो. एवढा एकच विनोद त्याच्याकडे होता आणि तो वर्षानुवर्षं चालला. त्या घरात तो कधी रिकाम्या हातानं गेला नाही. मासा हातात असला की दार आपोआप उघडतं, असं त्याला वाटायचं. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण त्याच्या मनानं ते धरलं होतं.

मासे कमी होत गेले ते असे, की कुणाच्या लक्षात येऊ नये. आधी मोठे लागेनात. मग मधले लागले तरी लोक खूश होऊ लागले. मग बोटभर पिलूही पिशवीत जाऊ लागलं. निदान चव तरी कळेल, म्हणायचे. दोष द्यायला माणसं कमी नव्हती. कुणी वरच्या कारखान्याला शिव्या द्यायचे, कुणी बगळ्यांना, कुणी पलीकडच्या काठावर जाळं लावणाऱ्यांना. आपल्या पिशवीकडे कुणी बघत नव्हतं. कवळीवालाही नव्हता बघत.

त्याच सुमारास मत्स्य खात्यातल्या एक बाई काठावर यायला लागल्या. गुडघ्यापर्यंत बूट, बादली, मोजपट्टी. त्या मासे पकडायच्या, मोजायच्या आणि परत पाण्यात सोडायच्या. गळवाले त्यांना हसायचे. कवळीवाल्याला मात्र त्यांचे हात आवडले. मासा उचलण्याआधी त्या हात पाण्यात बुडवून ओले करायच्या. एकदा त्यानं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, तेच त्याचं कातडं समजा. कोरड्या हातानं तो निघतो, आणि मग मासा पोहत गेला तरी पुढं बुरशी लागून मरतो. मग त्यानं आणखी एक विचारलं, आणि आणखी एक. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पटीनं जास्त अंडी घालते, आणि तिच्या अंड्यांतली पिलंही जास्त तगतात. आपण नेमकी तीच नेतो, कारण तिचाच फोटो चांगला येतो. हे सांगताना बाईंचा सूर शिकवणीचा नव्हता. त्यांनाही दिवसभर बोलायला कुणी नसायचं.

आणि मग ती सकाळ आली. पाणी निवळ होतं, थंडी नुकती ओसरली होती. याचं बूच एकदम दिसेनासं झालं आणि काठी कमानीसारखी वाकली. दादा आपली काठी टाकून धावत आला. बऱ्याच वेळानं हातजाळ्यात आली ती तांबडी, अशी, की तसली दोघांनी तरुणपणी पाहिली असेल तेवढीच. ओठाला जुन्या गळाची जखम भरून आलेली. पोट गाबोळीनं, अंड्यांनी तटतटलेलं.

दादा हसत होता. एवढा हसताना तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता. तो म्हणाला, पोरगी आणि जावई दुपारी येणार आहेत, काय नशीब बघ.

कवळीवाल्यानं हात पाण्यात बुडवले. चिमट्यानं गळ सोडवला. तांबडीला दोन्ही हातांत आडवी धरून, तोंड प्रवाहाकडे करून तो पाण्यात उभा राहिला. तिचे कल्ले उघडत होते, मिटत होते. दादाला वाटलं, हा तिला धुतोय. मग तिनं शेपटीचा एक झटका दिला आणि याचे हात रिकामे झाले.

"सुटली?" दादानं विचारलं.

"सोडली."

दादानं आपली दोरी गुंडाळली, पिशवी उचलली आणि घरापर्यंत पुढं पुढं चालत राहिला. वर वहिनीचा तवा तयार होता. शेवटी अंडी उकडली. पुतणीनं विचारलं, काका, आज कुणाचे दात? आणि त्याला वाघ आठवलाच नाही.

त्यानंतरचे काही रविवार तो नदीवर मासे सोडत राहिला आणि दुपारी रिकाम्या हातानं जिना चढत राहिला. पोटात अंडी असलेली, मोठी, अगदी लहान, असं करत करत सगळ्याच तांबड्या तो सोडायला लागला होता. दादानं एकदा समजावून पाहिलं. तू सोडतोस आणि पुढच्या वळणावर दुसरा धरतो, मग वाचलं काय? तो एवढंच म्हणाला, की निदान माझ्या हातून तरी.

वहिनीचा प्रश्न जास्त लागला. ती भांडायला उठली नव्हती. पोळी उलटता उलटता तिनं विचारलं, "भावजी, खायचा नाही तर गळ टाकायचाच कशाला? उगीच त्या जिवाला छळायचं. तुमच्यापेक्षा खाणारा बरा की."

त्यालाही रात्रंदिवस तेच टोचत होतं. तो ताटाकडे बघत राहिला. तेव्हा दादा म्हणाला, "त्याला आपल्याकडचं गोड लागत नाही आता. आपल्या ताटातलं काढून पाण्यात टाकतो, आणि वर आपणच पापी."

असं काही त्याच्या मनात नव्हतं. पण मनात काय होतं ते सांगायला शब्द हवेत, आणि शब्दांच्या बाबतीत त्याची दातखीळ बसायची. तो जेवला, ताट उचलून ठेवलं, निघाला. पुढच्या रविवारी दादा नदीवर आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी हा जेवायला गेला नाही. कुणी 'येऊ नको' म्हटलं नव्हतं आणि कुणी 'ये' असंही म्हटलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

आता काठावर तो एकटाच. पूर्वीही कुणी बोलत नव्हतं, पण ती शांतता दोघांची होती. आता चहा थर्मासात तसाच गार व्हायचा, कारण चहा काढ म्हणून मान हलवणारं कुणी नव्हतं.

मग तो हे सोडणंच नीट शिकायला बसला. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो, त्यामुळे गळ काढताना मांस फाटतं. त्यानं तारा वाकवायचा आपला चिमटा घेऊन सगळ्या गळांचे काटे दाबून सपाट केले, वरून कानस फिरवली. आता बरेच मासे काठाजवळ येता येताच निसटायचे. त्याचं त्याला वाईट वाटेनासं झालं. दोरी जाड घेतली, म्हणजे मासा दमून अर्धमेला होण्याआधी जवळ येतो. सुती जाळं टाकून रबराचं आणलं. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही, असा नेम केला.

एवढं करूनही एक मेली. उन्हाळा होता, पाणी कोमट होतं. तांबडी लागली, त्यानं सगळं अगदी रीतीनं केलं, ती हातातून गेलीही. थोड्या वेळानं पाहतो तर खाली, बंधाऱ्याच्या कडेला, पोट वर करून तरंगत होती. त्यानं पाण्यात उतरून तिला आणलं. पुन्हा प्रवाहात धरून ठेवली, कितीतरी वेळ. कल्ले हलेनात. बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो. अशा दिवसांत झुंज दिलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही, आणि नीट सोडलेल्यांतलेही थोडे मरतातच. हे आधी का सांगितलं नाहीत, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण मग त्याला वाटलं, आपण तरी हा प्रश्न कुठं केला होता?

ती तांबडी त्यानं फेकली नाही. घरी आणली, साफ केली, आपल्या ओट्यावर शिजवली. एका माणसाला ती फार मोठी होती. कडेनं थोडी करपलीही. जबड्यांच्या फळीसमोर बसून त्यानं ती दोन वेळा मिळून खाल्ली आणि काटे कागदात गुंडाळून ठेवले. त्या संध्याकाळी त्याला दादाकडे जावंसं फार वाटलं. चपला पायात घातल्या, कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला.

त्यानंतर उन्हाचे महिने त्यानं गळ टाकणं बंद केलं. म्हणजे ते रविवारही गेले. तो नुसता काठावर जाऊन बसायचा किंवा खोलीत बसून उद्याचे दात आजच बसवायचा.

गळवाल्यांची एक संघटना होती. दर वर्षी शाळेच्या हॉलमध्ये तिची सभा व्हायची आणि त्यात मुख्यतः चहा व्हायचा. त्या वर्षी अध्यक्षांनी, ते सायकलींचं दुकान चालवायचे, विषय काढला, की तांबडी संपत आलीय, काय करायचं बोला. बाईंनी आपले आकडे मांडले. आणि मग, स्वतःलाही नवल वाटावं अशा रीतीनं, कवळीवाला उभा राहिला.

तो वाईट बोलला. खाली बघत, मधेच थांबत. पूल ते बंधारा एवढ्या टप्प्यात काही वर्षं तरी तांबडी न्यायची नाही, धरली तर सोडायची, काटा दाबलेलाच गळ वापरायचा, उन्हाळ्यात तिथं कुणीच बसायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एकजण म्हणाला, मग दुर्बीण घेऊन या, गळ कशाला? लोक हसले. दुसऱ्यानं विचारलं, सोडलेले सगळे जगतात काय? तो म्हणाला, नाही जगत. माझ्या हातून मेलीय. पण पिशवीत घातलेली एकही जगत नाही. यावर कुणी हसलं नाही. मग कुणीतरी उठून म्हणालं, सरळ मासेमारीच बंद करा ना. त्यावर बाईंनीच सांगितलं, की काठावर गळवाले बसतात म्हणून रात्री जाळी लागत नाहीत आणि कारखान्यानं काही सोडलं तर पहिला फोन त्यांचाच येतो. काठ ओस पडला तर नदीकडे बघणार कोण?

हात वर झाले. ठराव कसाबसा पास झाला. दादा मागच्या रांगेत बसला होता. त्याचा हात वर गेला नाही, हे कवळीवाल्यानं पाहिलं. बाहेर पडताना दोघं दारात समोरासमोर आले. दादानं विचारलं, बरा आहेस? हा म्हणाला, बरा आहे. मागून लोक ढकलत होते, तेवढ्यात दोघं दोन बाजूंना झाले.

वर्षं गेली. आधी काहीच घडलं नाही आणि लोक त्याला टोमणे मारत राहिले. मग एका पावसाळ्यानंतर बंधाऱ्याखालच्या उथळ खडीत काड्यांसारखी पिलं हलताना दिसली. पुढच्या साली बोटभर. ज्यानं दुर्बिणीची थट्टा केली होती तोच एकदा काठावरून ओरडला, अहो, या इकडं, बघा किती आहेत. कवळीवाला गेला, बघितलं, मान हलवली. आनंद झाला, पण सांगायला ज्याच्याकडे धावत जावं, तो माणूस तिथं नव्हता. खात्यातल्या बाईंचीही तोवर बदली झाली होती.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादाचे उरलेसुरले दात काढलेत, जिना उतरवत नाही, दवाखान्यात पुन्हा जायला तयार नाही. डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन ठेवलंय. "कवळी तुम्हीच कराल ना, भावजी? दुसऱ्याच्या हातची ते तोंडात धरणार नाहीत."

साचा आला. त्यानं प्लॅस्टर ओतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या टेबलावर ओळखीचं तोंड आलं होतं. दात बसवताना तो फार वेळ लावत होता. दादाचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले होते. त्यानं कवळीतही ते तसेच ठेवले, म्हणजे हसला की दादाच दिसेल.

मेणाचा नमुना तोंडात बसवून बघावा लागतो. तो घेऊन हा दादाकडे गेला, बऱ्याच वर्षांनी. दादा खुर्चीत बसला होता, गाल आत गेलेले. यानं नमुना बसवला आणि म्हणाला, आता थोडा वेळ दात दाबून बस, बोलू नकोस. दादा डोळे वटारून बसला. वहिनी आत होती. आणि दादाला मधे बोलता येत नाही असं जन्मात प्रथमच झाल्यामुळे असेल, कवळीवाला बोलला.

"वहिनीनं विचारलं होतं, छळायचा कशाला. मला तेव्हा सांगता आलं नाही. आठवडाभर मी लोकांची तोंडं करतो, दादा. त्यातलं एकही बोलत नाही. रविवारी दोरी ओढली जाते तेव्हा वाटतं, पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे. तिला खाऊन टाकलं की तिथंही कुणी नाही. एवढंच आहे बघ. माशांसाठी म्हणून मोठेपणानं काही केलं नाही मी. त्यांना टोचतं, हे मला माहीत आहे. आणि तुमच्या ताटातलं काढायचं कधीच मनात नव्हतं. ताट होतं म्हणून तर नदीवरून परत यावंसं वाटायचं."

दादानं तोंडातला नमुना काढून हातात धरला. दाबलेल्या मेणावर हिरडीची खूण उमटली होती.

"हे सभेत का नाही बोललास?"

"तू मागं बसला होतास."

दादानं नमुना हातात फिरवून पाहिला. मग म्हणाला, "आम्हाला मासा नको होता रे, धाकट्या. तुझ्या वहिनीला तर मासा आवडतही नाही. तू यायचास म्हणून तळायची."

कवळीवाल्यानं नमुना घेतला, वाकलेली कड अंगठ्यानं सारखी केली आणि खालच्या बाजूनं टोचतंय का, असं विचारलं. दादा म्हणाला, डावीकडे, थोडं.

कवळी छान बसली. पण दोन घरांतलं अंतर मिटवायला जेवढे रविवार लागले असते तेवढे मिळाले नाहीत. त्याच हिवाळ्यात पुतणी येऊन दोघांना आपल्या शहरात घेऊन गेली. तिथं लिफ्ट होती. निघताना वहिनीनं आपला जड तवा याला दिला. याच्या बारीक शेगडीवर तो मावेना.

आता रविवारी संध्याकाळी दादाचा फोन येतो. पाणी कसं आहे, विचारतो. वारा कुठला आहे, विचारतो. याला आता बोलावं लागतं, कारण मान हलवलेली फोनवर दिसत नाही. गेल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, की पुलाखाली एक चांगली लागली होती, हातभर लांब, आणि काठापाशी येऊन आपणहून निसटली. दादानं विचारलं, दिसली तरी का नीट? हा म्हणाला, पाठ दिसली. दादा म्हणाला, म्हणजे पाच-सहा वर्षांची असेल. हा म्हणाला, असेल. मग पलीकडं कुणीतरी जेवायला हाक मारली आणि दादानं फोन ठेवला.

कवळीवाल्यानं दिवा लावला, ओल्या दोरीवर कापड फिरवलं आणि सकाळी आलेलं खोकं उघडलं. आत एक लहानसा खालचा जबडा होता, कुणा बाईचा असावा. त्यानं प्लॅस्टर कालवायला घेतलं.